तोबरा नसलेला घोडेस्वार

(धामणगाव बढे इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



माझ्या हातात जे आहे ते मागच्या रांगेला दिसणार नाही. घोड्यासकट मुठीत मावेल एवढंच ते आहे. म्हणून आधी फिरवतो. एकेकानं हातात घ्या, उलटसुलट करून बघा, सोबत भिंग ठेवलंय. फक्त भाल्याला धरून उचलू नका. मऊ धातू आहे, लगेच वाकतो. हा भाला माझ्याच हातून दोनदा वाकलाय.

हे खेळणं आहे, तरी लहान मुलांसाठी नाही. मोठी माणसं हे जमवतात. काचेच्या कपाटात ठेवतात, बारीक ब्रशानं रंगवतात, एकमेकांचे संच बघायला गावोगाव जातात. युरोपात दोन-अडीचशे वर्षांचा हा नाद आहे आणि आता आपल्याकडेही थोडी मंडळी त्यात आहेत. धातूचं नाव प्यूटर. घाबरू नका, ओळखीचाच आहे. आपल्याकडे दारावर कल्हईवाला यायचा, भाता लावून भांडं तापवायचा, नवसागर टाकला की पांढरा धूर उठायचा आणि कापसाच्या बोळ्यानं तो चकचकीत काहीतरी फिरवायचा. ते कथील. त्याच कथलात थोडं अँटिमनी, थोडं तांबं घातलं की प्यूटर झालं. जुन्या मालात शिसंही भरपूर असायचं. कुणाच्या घरी आजोबांच्या काळचा असा शिपाई असेल तर नातवाच्या तोंडात जाऊ देऊ नका. कथील २३२ अंशाला वितळतं, म्हणजे घरच्या चुलीवरही वितळेल. त्यामुळे हा धंदा आधी कारखान्यात नाही, कारागिराच्या खोलीत वाढला.

आज या घोडेस्वाराची समीक्षा करायची आहे. कवितेची करतात, नाटकाची करतात, तशी याची. तीन इंचांच्या वस्तूवर तासभर काय बोलणार, असं मला येताना एसटीत एकानं विचारलंच. बघू.

खाली पट्टीवर लिहिलंय, मराठा हलका स्वार, अठरावं शतक. कुठल्या कारखान्याचा ते सांगत नाही, कारण माझी तक्रार एका कारखान्याशी नाही, या प्रकाराशीच आहे. पण आधी जे चांगलं आहे ते सांगतो. रंगकाम उत्तम आहे. पागोट्याच्या प्रत्येक पेडाला खाली गडद आणि वर फिकट छटा दिली आहे. दिव्याखाली धरलं तर कापडाला घडी पडल्यासारखी वाटते. एवढ्याशा चेहऱ्यावर डोळा काढणं म्हणजे तांदळावर अक्षर काढण्यासारखंच, आणि या डोळ्याला नजर आहे. मिश्या आहेत, कपाळावर गंध आहे. ज्यानं रंगवलं त्याला मी मनापासून दाद देतो.

आता घोड्याकडे या. भिंग लावून खोगीर बघा. खोगिरावर मेंढीचं कातडं पसरलंय आणि त्याच्या काठाला त्रिकोणी दातांची पट्टी आहे. मागे एक गोल वळकटी बांधली आहे, दोन्ही टोकं चपटी. ओळखलं? नाही ओळखणार, कारण आपल्याकडचं नाहीच ते. हे नेपोलियनच्या हुसारांचं खोगीर आहे, फ्रेंच हलक्या घोडदळाचं. झालं असं, की कारखान्याकडे हुसाराच्या घोड्याचा साचा तयार होता. नवा साचा खर्चिक. म्हणून वरचा माणूस तेवढा बदलला, पागोटं घातलं, हातात भाला दिला आणि पट्टी बदलली. आपला गडी गेली कित्येक वर्षं फ्रेंचांच्या घोड्यावर बसून कपाटातून कपाटात फिरतोय.

(श्रोत्यांत हशा)

हसण्यासारखंच आहे. पण ही चूक फक्त आळसाची असती तर मी इथवर आलो नसतो. साचा बदलला असता तरी स्वार चुकलाच असता, असं माझं म्हणणं आहे. का, ते सांगतो.

हे शिपाई जन्मले कुठे? जर्मनीत न्यूरेंबर्गला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिल्पर्ट नावाचा कारागीर तिथे कथलाचे चपटे शिपाई ओतायचा. दगडी पाटीच्या दोन तुकड्यांत आकृती उलटी कोरायची, तुकडे जुळवायचे, कथील ओतायचं, पत्र्यासारखा शिपाई बाहेर. पुढे त्याच गावच्या हाइनरिक्सनच्या कारखान्यानं तीस मिलिमीटर उंचीचं माप रूढ केलं. मग १८९३ला इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटननं आतून पोकळ शिपाई ओतायची युक्ती काढली. धातू कमी लागला, माल स्वस्त झाला आणि चोपन्न मिलिमीटरचा शिपाई घरोघर गेला. आज रबराच्या फिरत्या साच्यात ओततात. तंत्र बदलत गेलं, मूळ कल्पना तीच राहिली. एक साचा, शंभर शिपाई, सगळ्यांना एकच रंग.

आणि ज्या काळात हिल्पर्ट ओतत होता त्या काळात युरोपातले राजे नेमकं हेच खऱ्या माणसांचं करत होते. हजारो माणसांना एका कापडाचा, एका रंगाचा, एका बटणाचा पोशाख चढवत होते. अमुक पलटणीची कॉलर पिवळी, तमुकची तांबडी. म्हणजे कथलाचा शिपाई ही गणवेशाची कला आहे. जमवणारे भांडतात ते बटणांच्या रांगांवरून, गुंडीच्या रंगावरून. त्यात मला काही वाईट दिसत नाही. हुसार ही मुळातच दिखाऊ जात. खांद्यावरून एक बाही मोकळी सोडलेलं फरचं जाकीट, पायाशी लोंबणारी चपटी पिशवी, जाकिटावर वेलबुट्टी. त्याला कथलात ओतला आणि रंगवला की तो तोच राहतो. त्याचं सत्यच पोशाखात होतं.

आता आपला. शिवकाळापासून आपल्या घोडदळात दोन तऱ्हा. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार, घोडा-हत्यार सरकारचं. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला आलेला. या शिलेदाराला गणवेश कुठला? ज्याच्या घरात जे होतं ते त्यानं घातलं. एकाच्या अंगात बाराबंदी, दुसऱ्याच्या अंगात नुसती घोंगडी, तिसऱ्यानं लुटीत मिळालेलं चिलखत चढवलेलं. एका पथकात दोन माणसं सारखी दिसली तर ती भावंडं असावीत!

अशा फौजेला एका साच्यात कसं ओतणार? ओतता येत नाही. म्हणून कारखाना काय करतो, गणवेश शोधून काढतो. सगळ्यांना भगवं पागोटं, पांढरा अंगरखा, तांबडा शेला. संच देखणा दिसतो. पण ज्या गोष्टीमुळे ती फौज तशी होती तीच पुसली जाते.

याला इतिहासात एक गमतीदार पुरावा आहे. शिलेदार कथलात, शिशात आला का? आला. कधी आला? इंग्रजांच्या चाकरीत गेल्यावर. १८०३ साली जेम्स स्किनर शिंद्यांच्या चाकरीतून निघाला आणि त्यानं इंग्रजांसाठी रिसाला उभारला. हिंदुस्थानी स्वार, स्वतःचे घोडे, पद्धत शिलेदारीच. इंग्रजीतसुद्धा तोच शब्द गेला, सिल्लादार. १८१७च्या तहानं दुसऱ्या बाजीरावाच्या पैशावर पुण्याचा रिसाला उभा राहिला, तोही शिलेदारीच. स्किनरच्या स्वारांना पिवळा पोशाख मिळाला आणि तो रिसाला त्या पिवळ्यावरूनच जगभर ओळखला गेला. पुढे ब्रिटनच्या यादीत बंगाल, मद्रास, मुंबई इथल्या देशी रिसाल्यांचे संच आले आणि ते खूप विकले गेले. शिलेदाराला एका रंगाचा अंगरखा मिळाला तेव्हा कुठे तो साच्यात बसला. तोपर्यंत तो कुणाच्या कपाटात मावतच नव्हता.

घोड्याच्या उंचीचं थोडक्यात सांगतो, कारण ते मोजता येतं. चोपन्न मिलिमीटरचं माप म्हणजे साधारण बत्तिसावा हिस्सा. दख्खनचा घोडा बुटका, काटक, खुराला पक्का. भीमाकाठच्या भीमथडी घोड्याची तर अलीकडे स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद झाली. मेंढरं घेऊन आपल्या शिवारात उतरणाऱ्या धनगरांकडे बिऱ्हाड लादलेली तट्टं तुम्ही पाहिलीच आहेत, त्याच अंगाचा तो. धरा, खांद्याशी १३० सेंटीमीटर. बत्तिसानं भागा, चार सेंटीमीटर आले. तुमच्या हातातला घोडा मी पट्टीनं मोजलाय, पाच भरतो. एक सेंटीमीटरनं काय बिघडतं? स्वाराचे पाय बघा. दख्खनी घोड्यावर ते पोटाखाली लोंबले असते, इथे बरगडीवरच संपतात. उंच घोड्यावरचा माणूस मिरवणुकीतला दिसतो. बुटक्या घोड्यावरचा माणूस लांबून आलाय आणि लांब जाणार आहे असा दिसतो.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. पवित्रा. घोडा मागच्या दोन पायांवर उभा, स्वाराचा हात वर, तोंड उघडं. तुम्ही कुठलाही मराठा स्वार घ्या, कथलाचा घ्या, फायबरचा घ्या, दिवाळीच्या किल्ल्यावरचा प्लॅस्टरचा घ्या, नव्वद टक्के हाच पवित्रा. जणू आपले पूर्वज दोनशे वर्षं घोडा मागच्या पायांवर उभा करूनच हिंडत होते.

याच घोडेस्वाराचं एक दुसरं चित्र आहे, शब्दातलं. ग्रँट डफनं १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला, त्यात तो दख्खनमध्ये सांगितली जाणारी एक हकिकत देतो. निजामाला थोरला बाजीराव कसा दिसतो ते बघायचं होतं. त्यानं चितारी पाठवला आणि सांगितलं, जसा दिसेल तसाच काढून आण. चिताऱ्यानं काय काढून आणलं? बाजीराव घोड्यावर, साध्या स्वारासारखा. घोड्याच्या अगाडी-पिछाडीचे दोर तोबऱ्यात कोंबलेले. भाला खांद्यावर टेकवलेला. आणि दोन्ही हातांनी ज्वारीची कणसं चोळत, खात खात चाललेला.

हकिकत खरी घडली की रचली गेली, त्यात मी जात नाही. चित्र म्हणून बघा. दोन्ही हात कणसात, म्हणजे लगाम कुणाच्याच हातात नाही. घोड्याला रस्ता कळतोय, स्वाराला घोडा कळतोय. भाला खांद्यावर, म्हणजे आत्ता लढाई नाही. अगाडी-पिछाडी तोबऱ्यात, म्हणजे घोडा बांधायचं सामान घोड्यावरच आहे, मागे बैलगाडी नाही, तंबू नाही. ज्वारी हातात, म्हणजे मुदपाकखानाही नाही. चारच वस्तू, आणि त्यात हलकं घोडदळ म्हणजे काय ते सगळं आलं. तलवार कुठेच नाही. तरी ज्याला लढाई कळते असा माणूस हे चित्र बघून घाबरेल. वर केलेल्या तलवारीला कुणी घाबरत नाही हो, तलवार सगळ्यांकडेच असते.

आणि तो घाबरणं बरोबर होतं. पालखेडला, फेब्रुवारी १७२८, काय झालं? मोठी घनघोर लढाई झालीच नाही. बाजीराव जालना, सिंदखेड या आपल्याच पट्ट्यातून वऱ्हाडात, तिथून खानदेशात, गुजरातेत असा फिरत राहिला. निजाम मागे. शेवटी निजामानं आपल्या जड तोफा मागे टाकल्या आणि वैजापूरजवळ पालखेडला तो असा कोंडला गेला, की दाणा नाही, पाणी नाही. मार्चमध्ये मुंगी शेवगावला तह झाला. या मोहिमेचं कौतुक पुढे इंग्रज सेनापती माँटगोमरीनंही केलं. ही जिंकली कुणी? ज्यांच्या घोड्यांना वाटेत चारा-पाणी मिळालं त्यांनी. आता या मोहिमेचा पुतळा करायला सांगा कुणाला. घोडा मागच्या पायांवरच उभा राहील.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मी स्वतःच घेतो. हल्ला कधीच करत नव्हते का? करत होते. आणि ज्यांच्या बाबतीत तो पवित्रा खरा आहे त्यांनाही तो द्यायला पाहिजे. ही दुसरी मूर्ती बघा, एकोणिसाव्या लाइट ड्रॅगून्सचा स्वार. नाव हलकं घोडदळ, काम मात्र धडकेचं. आपल्या जिल्ह्याच्या शिवेपलीकडे असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी हे खरंच असे धावून गेले. त्यांचा पुढारी मॅक्सवेल त्यातच मेला. त्याचा घोडा चौखूर दाखवला तर ती समीक्षेत टिकणारी गोष्ट आहे. उलट शिंदे-भोसल्यांचं मोठं घोडदळ त्या दिवशी फारसं लढलंच नाही, बाजूला राहिलं आणि निघून गेलं. इंग्रज लेखकांनी याला भेकडपणा म्हटलं. मला वाटतं, त्यात शिलेदारीचा हिशेबही बघायला हवा. घोडा हे शिलेदाराचं शेत होतं. घोडा मेला की शिलेदाराचा बारगीर व्हायचा, म्हणजे बागायतदाराचा सालदार. आपलं शेत कुणी तोफेच्या तोंडी सहजासहजी देतं का? वर केलेल्या तलवारीचा पवित्रा या माणसाच्या पोटापाण्याशीच जुळत नाही.

आता संच. पाच स्वारांचा संच येतो डब्यात. पाचही स्वार, पाचही लढवय्ये. सभासदाची बखर काढा, १६९०च्या दशकात जिंजीला लिहिलेली. तिच्यात पागेची रचना आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालांचा एक जुमला, पुढे हजारी, पंचहजारी. हे सगळ्यांना शाळेत शिकवतात. त्याच्याच शेजारी आहे ते शिकवत नाहीत, पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पखालजी म्हणजे कातडी पखालीतून पाणी आणणारा. नालबंद तुम्हाला माहीतच आहे. म्हणजे शिवाजी महाराजांच्या हिशेबात ही दोन माणसं पागेचा भाग होती, मागून येणारा गोतावळा नव्हती. डब्यात ती का नाहीत? कुठल्याही कंपनीच्या यादीत मला मराठा नालबंद सापडला नाही. घोड्याचा पाय मांडीवर घेऊन बसलेला माणूस ओतायला काही अवघड नाही. उलट मागच्या दोन पायांवरचा घोडा ओतणं अवघड, कडमडतो, शेपटी जमिनीला टेकवावी लागते. बघा, याचीही टेकवली आहे. म्हणजे अडचण साच्याची नाही. अडचण ही, की नालबंद विकत कोण घेणार.

महाराजांचं एक पत्र आहे, १६७०च्या दशकातलं, चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं. मला विचाराल तर हलक्या घोडदळावर मराठीत याहून चांगलं काही लिहिलेलं नाही. लढाईचा त्यात शब्द नाही. आत्ताच गवत-दाणा वाटेल तसा उधळलात तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखी होतील, असा त्याचा आशय. कुणब्याच्या घरचं दाणं, लाकूड, भाजी ओढून आणू नका, पैसे देऊन बाजारातून घ्या. रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल. उंदीर! राज्य चालवणारा माणूस उंदरापर्यंत विचार करतोय, कारण गंजी जळली तर पागा गेली.

या पत्रात आपण आहोत. गडकोटांवर कोण होतं, स्वारीत कोण होतं, ते ज्याचं त्याला ठाऊक. पण कुणब्याच्या घरचा दाणा म्हटलं की ते घर इथलं आहे. घोडदळ हलकं होतं म्हणजे काय? त्याचं ओझं कुठेतरी दुसरीकडे होतं. स्वार बरोबर शिदोरी बाळगत नव्हता, कारण वाटेत गाव होतं. बाजीरावाच्या हातातली ज्वारीची कणसं कुणाच्या शेतातली होती, हा प्रश्न त्या हकिकतीत कुणी विचारत नाही. मी त्या चित्राचं इतकं कौतुक केलं, पण चिताऱ्यानं शेत काढलं नाही ते नाहीच. आपली सगळी पट्टी घोड्यांच्या वाटेवरची. आपल्याच मोताळा तालुक्यातलं रोहिणखेड बघा, घाटाच्या पायथ्याशी. बऱ्हाणपुराकडून वर चढणारी फौज तिथून जाणार. १४३७ला तिथे बहामनींची आणि खानदेशच्या सुलतानाची लढाई झाली, सोळाव्या शतकाच्या अखेरीला निजामशाहीच्या भांडणात पुन्हा झाली. १७२४ला साखरखेर्ड्याला निजामानं मुबारिजखानाला मारलं. १७५७ला सिंदखेडला निजाम आणि मराठे भिडले. नंतर पेंढारी, तेही हलकं घोडदळच. वऱ्हाडातल्या गावोगावी त्या पांढऱ्या मातीच्या गढ्या उभ्या होत्या, त्यांच्यामागे ही सगळी भीती होती. जिल्ह्यात एवढे घोडे येऊन गेले, आणि त्यातला एकही घोडा मागच्या पायांवर उभा राहून आला नसावा. भुकेला आला असणार.

महाराजांचं पत्र मोठं आहे ते त्यामुळे. ते ओझं कुठे पडतं हे त्यांना दिसत होतं आणि ते पडू नये म्हणून ते लिहीत होते. नंतरच्या किती सरदारांना ते दिसलं, हा वेगळा विषय.

मूर्ती विसरल्या, पण भाषा विसरली नाही बरं का. आपल्या बोलण्यात घोडदळ कसं उरलंय बघा. घोडं कुठं पेंड खातं? तोंडात तोबरा भरलाय. कामाच्या माणसांत नुसती खोगीरभरती केली. नालासाठी घोडं घेतलं. सगळी चारा-पाण्याची, खोगिराची, नालाची भाषा. घोडा मागच्या पायांवर उभा करणारी म्हण मला तरी आठवत नाही. मराठी भाषेनं हलकं घोडदळ नेमकं ओतलंय, कथलापेक्षा चांगलं.

कुणी म्हणेल, अहो शोभेची वस्तू आहे, एवढं काय मनावर घेता. ठीक आहे. मग मला पोळ्याच्या मातीच्या बैलाचं सांगा. तोही शोभेचाच, चार दिवसांचा. पण वशिंड नसलेला बैल तुम्ही देवापुढे मांडाल का? शिंगं म्हशीसारखी मागे वळलेली चालतील का? गेल्या पोळ्याला बाजारात साच्यातले बैल आले होते, एक आजी पाटावरून उचलून म्हणाल्या, हा गोऱ्हा आहे का कुत्रं? आणि खाली ठेवला. समीक्षा म्हणजे दुसरं काय असतं! त्या आजींना बैल माहीत होता. आपल्याला घोडा माहीत राहिला नाही, म्हणून फ्रेंच खोगीर खपून जातं.

आणि धातूचा छोटा घोडेस्वार आपल्याला नवीनही नाही. ज्यांच्या घरी खंडोबा आहे त्यांच्या देव्हाऱ्यात टाक आहे. पत्र्यावर ठोकून उठवलेला स्वार, मागे म्हाळसा, पायाशी कुत्रं. त्याच्या हातात तलवार आहे, दैत्यही तुडवलाय, तरी घोडा बघा, शांत चालतोय. त्यावर माणूस बसलाय तो घरच्यासारखा बसलाय, बायको मागे बसलीये. शेकडो वर्षं सोनार-ओतारी हे करत आले आणि त्यांना घोडा उधळवावासा वाटला नाही. त्यांनी घोडा रोज पाहिलेला होता, एवढंच कारण असावं. न्यूरेंबर्गच्या चपट्या शिपायात आणि या टाकात कारागिरी म्हणून बघाल तर फार अंतर नाही. दोन्ही चपटे, दोन्ही बोटाएवढे. पण एकात बटणं मोजता येतात, दुसऱ्यात चाल दिसते.

(श्रोत्यांमधून प्रश्न: मग तुम्हाला संच करायला सांगितला तर कोणता कराल?)

करणारा मी नाही, माझा हात थरथरतो. पण सांगतो. एक नालबंद, मांडीवर पाय घेतलेला. एक पखालजी, वाकलेला. एक घोडा, तोंडाला तोबरा बांधलेला, अगाडी-पिछाडी ठोकलेली, खोगीर काढून शेजारी ठेवलेलं. पाठीवर घामाचा पट्टा रंगवता आला तर फारच छान, रंगवणाऱ्याचा कस लागेल. एक स्वार, बुटक्या घोड्यावर, भाला खांद्यावर, डुलकी घेत चाललेला. आणि पाचवा नग घोड्याचा नाही. पाचवा कुणबी, बांधावर उभा, हातात विळा, घोड्यांकडे बघतोय. तो घाबरलाय की पैसे मोजून घेणार आहे, ते चेहऱ्यावरून कळू नये. पाचही माणसांना पाच रंगांचं कापड.

खपणार नाही म्हणता? हो, पहिला डबा मीच घेईन.

वेळ झालीये. मूर्ती कुणाकडे आहेत? त्या आणि भिंग इकडे टेबलावर द्या. ड्रॅगून आला, मराठा स्वार कुठे आहे? हं, आला. आणि भाला पुन्हा वाकलाय.